बोटीपूर्वींचे चार दिवस
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदीं किरकोळ वाटेल. परदेशीं जाऊन नदीवरील किंवा समुद्रावरील बोटीची सफर करणारीं आपल्याकडील कुटुंबें आतां थोडीं राहिलेलीं नाहींत. अशी बोट ज्या गांवाहून सुटते त्या गांवीं, किंवा त्या देशाच्या राजधानींत, दोन-चार दिवस आधीं जाऊन राहावें लागतें. या मुक्कामांत करावयाच्या सहलींची एक यादी प्रवासी कंपनी आपल्या हातीं देते. त्या सहली मूळ खर्चांत धरलेल्या नसतात. ज्याला हव्या असतील त्यानें जादा पैसे भरून त्यांत आपलें नांव घालावें, असा हा मामला असतो. या यादींत कोठें खूण करावी, कोठें करूं नये आणि केव्हां करावी, एवढाच माझा आजचा विषय आहे. यावर पंधरा मिनिटें बोलण्यासारखें काय आहे, असें तुम्हांला वाटत असेल. मलाहि एके काळीं तसेंच वाटत होतें. म्हणूनच ती यादी मीं दहा मिनिटांत भरून टाकली. आणि त्यामुळें माझ्या वडील बहिणीची आयुष्यभराची एक इच्छा अपुरी राहिली.

प्रश्न तसा नवा नाहीं. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला, आणि पुढें मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या बोटी तांबड्या समुद्रांतून सुवेझला व तेथून कालव्यांतून पोर्ट सैदला जाऊं लागल्या. बोट कालव्यांतून संथपणें सरकत असतांना हौशी उतारूंनीं सुवेझला उतरावें, जमिनीवरून कैरो गांठावें, पिरॅमिड आणि पदार्थसंग्रहालय धांवतपळत पाहावें, आणि पोर्ट सैदला तीच बोट पुन्हां पकडावी, अशी सोयहि कालांतरानें झाली. तिचे पैसे अर्थातच वेगळे. जे उतरले त्यांनीं पिरॅमिड पाहिले. जे बोटीवर राहिले त्यांनीं कालवा पाहिला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळीं साधत नसत. ऐच्छिक सहलीचें सारें मर्म यांत आलें. एक गोष्ट पदरांत पाडून घ्यावयाची म्हणजे दुसरी कोठली तरी सोडावी लागते, आणि ती कोणती हें पत्रकांत छापलेलें नसतें.

उदाहरणासाठीं मी इजिप्तचाच प्रवास घेतों, कारण तो मीं स्वतः केलेला आहे. नाईल नदीवरील प्रवासी बोटी बहुतेक लुक्सॉर आणि आस्वान या दोन गांवांच्या दरम्यान चालतात. नदीच्या मार्गानें हें अंतर दोनशें किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत एस्नाचा बंधारा लागतो. एडफूचें आणि कोम ओम्बोचें देऊळ लागतें. आणि तीन-चार रात्रींत बोट सावकाश पोंचते. पण परदेशचा पाहुणा उतरतो तो कैरोस, आणि कैरोहून लुक्सॉर साडेसहाशें किलोमीटरांवर. म्हणून प्रथम कैरोस मुक्काम, मग विमानानें किंवा रात्रीच्या आगगाडीनें लुक्सॉर, आणि तेथें बोट, असा क्रम असतो. कैरोच्या मुक्कामांत गिझाचे पिरॅमिड व एक पदार्थसंग्रहालय एवढें सामान्यतः मूळ कार्यक्रमांत असतें. सक्कारा व दहशूर येथील त्याहूनहि जुने पिरॅमिड, अलेक्झांड्रिया शहर, पिरॅमिडांवरील रात्रीचा प्रकाश-ध्वनीचा खेळ, नदीवरील भोजन, जुन्या कैरोंतील मशिदी आणि ख्रिस्ती देवळें, हें सारें ऐच्छिक यादींत.

माझी वडील बहीण — आम्ही तिला अक्का म्हणतों — एका मुलींच्या शाळेंत तीस वर्षें इतिहास शिकवीत असे. इजिप्तचा धडा आला कीं ती फळ्यावर पायऱ्यांचा पिरॅमिड काढी. गिझाचा नव्हे, तर त्याच्याहि आधींचा, सक्काराचा. राजा झोसेरसाठीं इम्होतेप नांवाच्या प्रधानानें सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं तो रचला. एकावर एक अशा सहा पायऱ्या, आणि उंची साठ मीटरांच्या आसपास. दगडांत बांधलेली एवढी मोठी इमारत त्यापूर्वीं इजिप्तांत कोणीं उभारलेली नव्हती. अक्का सेवानिवृत्त होऊन बरींच वर्षें लोटल्यावर, कांहीं वर्षांपूर्वीं, मीं तिला इजिप्तला नेण्याचें ठरविलें. त्या वेळीं तिचें वय बहात्तर होतें आणि दोन्ही गुडघे दुखरे होते.

प्रवासी कंपनीकडून ऐच्छिक सहलींचें पत्रक निघण्याच्या दोन महिने आधीं आलें. एवढे पैसे खर्चून जावयाचें, तर मग कांहीं राहूं नये, असा विचार मीं केला. आपल्याकडे पाहुणा पंक्तीला बसला म्हणजे यजमान त्याच्या पानांत न विचारतां वाढतो, तसा हा प्रकार झाला. पहिल्या दिवशीं रात्रीं प्रकाश-ध्वनीचा खेळ, दुसऱ्या दिवशीं मूळ कार्यक्रमांतील गिझा व संग्रहालय, तिसऱ्या दिवशीं अलेक्झांड्रिया, चौथ्या दिवशीं सकाळीं सक्कारा आणि संध्याकाळीं लुक्सॉरचें विमान. असा भरगच्च बेत आंखून मीं पैसे पाठवून दिले. अक्काला मीं यादी दाखविली नाहीं. तिला चकित करावें, असा माझा हेतु होता.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर पहिल्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही पिरॅमिडांसमोर खुर्च्यांवर बसलों. स्फिंक्सच्या मुखावर दिवे पडले, आवाज घुमूं लागला, आणि अक्का शालीच्या आंत गाढ झोंपी गेली. तिसऱ्या दिवशीं पहांटे सहा वाजतां अलेक्झांड्रियेस निघालों. कैरोहून हें शहर सुमारें सव्वादोनशें किलोमीटर. जातांना अडीच-तीन तास, येतांना त्याहून अधिक. शहर सुंदर आहे, यांत शंका नाहीं. प्राचीन दीपस्तंभाच्या जागीं पंधराव्या शतकांत बांधलेला कैतबे सुलतानाचा किल्ला आहे, २००२ सालीं उघडलेलें नवें विशाल ग्रंथालय आहे, आणि कोम एश-शोकाफा येथील भुयारी दफनस्थान आहे. पण त्या भुयारांत उतरावयाचें तें सुमारें शंभर पायऱ्यांच्या गोल जिन्यानें, आणि जेवढें उतरावयाचें तेवढेंच चढावयाचें. रात्रीं नऊ वाजतां आम्ही हॉटेलांत परतलों. चौथ्या दिवशीं सकाळीं अक्काला पलंगावरून पाय खालीं टेकवेना. गुडघा सुजून टम्म झाला होता.

सक्काराची मोटार खालीं येऊन उभी होती. मीं धांवत जाऊन ती पुढें ढकलण्याविषयीं विचारलें. पण संध्याकाळीं विमान होतें, पुढें ढकलावयास दिवसच नव्हता. पैसे परत मिळावयाचे तर अठ्ठेचाळीस तास आधीं कळवावयास हवें होतें, आणि ती अट पत्रकाच्या मागील बाजूस स्वच्छ छापलेली होती. मींच ती वाचली नव्हती. मोटार निघून गेली. मी खोलींत परत आलों, तेव्हां अक्का खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, “अरे, मला एकदां विचारलें असतेंस, तर अलेक्झांड्रिया मीं मागितलीच नसती.”

या एका वाक्यानें मला जें शिकविलें तें दुसऱ्या कोणत्याहि प्रवासवर्णनानें शिकविलें नव्हतें. पुढें बोटीवर असतांना आस्वान जवळ आलें, आणि अबू सिंबेलच्या ऐच्छिक सहलीची यादी घेऊन बोटीवरील कारकून आला. या वेळीं मीं तो कागद मुकाट्यानें अक्काच्या हातीं दिला. तिनें चष्मा लावला आणि त्याला चार प्रश्न विचारले. गाडींत बसणें किती तासांचें? चालणें आणि चढणें किती? दुसऱ्या दिवशीं काय आहे? आणि मग माझ्याकडे वळून चौथा प्रश्न: “हें मला पाहावयाचें आहे, कीं पाहिलें असें सांगावयाचें आहे?” आज मी कोणालाहि ऐच्छिक सहलींबद्दल सल्ला देतों तो या चार प्रश्नांवरच उभा असतो. ते आतां एकेक करून घेऊं.

पहिला प्रश्न बसण्याच्या तासांचा. पत्रकांत “संपूर्ण दिवसाची सहल” एवढेंच लिहिलेलें असतें. दिवसांतले किती तास स्थळावर आणि किती तास रस्त्यावर, हें मुद्दाम विचारून घ्यावें. अलेक्झांड्रियेच्या सहलींत सहा तास मोटारींत जातात. सक्कारा मात्र कैरोच्या दक्षिणेस अवघ्या तीस किलोमीटरांच्या आसपास आहे. दहशूर त्याच्या थोडें पुढें. अर्ध्या दिवसांत दोन्ही होतात, आणि दुपारचें जेवण हॉटेलांत येऊन घेतां येतें. एकाच यादींत शेजारीं शेजारीं छापलेल्या या दोन सहलींत केवढा फरक आहे पाहा! ज्याला अलेक्झांड्रियेचीच ओढ आहे त्यानें तेथें एक रात्र राहण्याची योजना करावी. एका दिवसांत ती ओढाताण करूं नये.

दुसरा प्रश्न चालण्या-चढण्याचा. यांत शब्दांकडे बारकाईनें पाहावयास हवें. “पिरॅमिड पाहणें” आणि “पिरॅमिडाच्या आंत जाणें” या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडाची मूळ उंची सुमारें १४६ मीटर होती, आतां ती १३८ मीटरांच्या आसपास आहे. त्याच्या सभोंवार हिंडण्याचें तिकीट मूळ कार्यक्रमांत असतें. आंत जाण्याचें तिकीट वेगळें, आणि तें बहुधा ज्यानें त्यानें काढावयाचें असतें. आंतला मार्ग अरुंद व चढणीचा आहे. कांहीं अंतर तर कमरेंत पार वांकून जावें लागतें. हवा कोंदट असते, आणि शेवटीं राजाच्या दालनांत ग्रॅनाइटची एक रिकामी शवपेटी दिसते. धडधाकट तरुणांना त्यांत मौज वाटते. दम्याच्या किंवा गुडघ्यांच्या विकाराच्या माणसानें बाहेरच उभें राहून समाधान मानावें, त्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

शब्दांचीच आणखी एक गोष्ट. यादींत “पदार्थसंग्रहालय” असें लिहिलेलें असेल तर कोणतें, हें विचारल्याशिवाय राहूं नका. कारण कैरोंत आज अशीं तीन मोठीं संग्रहालयें आहेत. ताहरीर चौकांतलें जुनें संग्रहालय १९०२ सालचें. गिझाच्या पिरॅमिडांजवळचें नवें भव्य संग्रहालय १ नोव्हेंबर २०२५ रोजीं समारंभपूर्वक उघडलें. १९२२ सालीं सांपडलेल्या तुतनखामेनच्या कबरींतील पांच हजारांहून अधिक वस्तु तेथें प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. आम्ही गेलों तेव्हां तें पुरतें खुलें झालेलें नव्हतें. आणि राजेराण्यांचीं जतन केलेलीं शवें, ज्यांना आपण ममी म्हणतों, तीं या दोहोंपैकीं कोठेंच नाहींत. एप्रिल २०२१ मध्यें मोठी मिरवणूक काढून बावीस राजशवें फुस्तात भागांतील संस्कृति-संग्रहालयांत नेण्यांत आलीं. ममी पाहावयाच्या इच्छेनें निघालेला माणूस नुसत्या “संग्रहालय” या शब्दावर विसंबला, तर त्याची निराशा ठरलेली. लुक्सॉरच्या राजांच्या खोऱ्यांतहि असेंच आहे. तेथील साध्या तिकिटावर तीन कबरी पाहतां येतात. तुतनखामेनच्या कबरीचें तिकीट निराळें पडतें.

तिसरा प्रश्न दुसऱ्या दिवशींचा, आणि माझ्या मतें हा सर्वांत महत्त्वाचा. कोणतीहि सहल एकटी नसते. तिच्या पुढें-मागें दुसरे दिवस असतात. येथें दोन नियम मीं स्वतःसाठीं केले आहेत. पहिला असा कीं, पोंचण्याच्या दिवशीं कोणतीच जादा सहल घ्यावयाची नाहीं. विमान उशिरा आलें तर ती सहल बुडते. वेळेवर आलें तर आपण झोंपेंत असतों. दुसरा असा कीं, बोट किंवा बोटीकडे नेणारें विमान गांठावयाच्या दिवशीं लांबची सहल घ्यावयाची नाहीं. बोट कोणासाठीं थांबत नाहीं. कंपनीच्या स्वतःच्या सहलींत मोटार बिघडली तर पुढची व्यवस्था पाहणें हें निदान तिचें काम असतें. आपण बाहेरून ठरविलेल्या मोटारींत अडकलों, तर पुढचें गांव आपलें आपणच गांठावयाचें. म्हणून जी सहल जिवाभावाची असेल ती मुक्कामाच्या मधल्या दिवशीं घालावी. तिच्या आधीं एक विश्रांतीची रात्र असावी आणि नंतर एक मोकळा अर्धा दिवस असावा. कांहीं कारणानें ती हुकली, तर तो अर्धा दिवस कामीं येतो. मीं नेमकें उलटें केलें होतें. अक्काची सक्कारा मीं अगदीं शेवटीं, थकव्याच्या आणि विमानाच्या कचाट्यांत टाकली होती.

घड्याळाचाहि येथें विचार करावा. हिवाळ्यांत कैरोचें घड्याळ आपल्या मागें साडेतीन तास असतें. २०२३ पासून इजिप्तांत उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें करतात, तेव्हां हा फरक अडीच तासांचा होतो. म्हणजे कैरोस संध्याकाळचे साडेसात वाजतात त्या वेळीं आपल्या शरीराचे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. अक्का त्या खेळांत झोंपली यांत नवल तें काय? उलटपक्षीं कैरोची पहांट चारची वेळ आपल्या साडेसातांची असते. युरोपांतून आलेला प्रवासी ज्या पहांटेच्या सहलींना कंटाळतो त्या आपल्याला पहिले चार दिवस अगदीं सोप्या जातात, आणि ज्या रात्रींच्या मैफली त्याला आवडतात त्या आपल्याला जड जातात. यादी भरतांना हा हिशेब आपल्या बाजूनें वापरावा.

आतां आगाऊ नोंदणी केव्हां करावी, याविषयीं. माझा ठोकताळा साधा आहे. जी गोष्ट न पाहतां परत आलों तर मन खाईल, ती घरून निघण्यापूर्वींच ठरवावी आणि तिचे पैसे भरून टाकावे. ज्या ठिकाणीं जागा मोजक्या असतात किंवा तिकिटावर वेळ नेमून दिलेली असते, तींहि आधींच ठरवावीं. अबू सिंबेलच्या देवळाच्या गाभाऱ्यांत २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दोन दिवशीं उगवत्या सूर्याचे किरण पोंचतात. त्या सुमारास जावयाचें तर ऐन वेळीं जागा मिळण्याची आशा धरूं नये. लुक्सॉरच्या पहांटेच्या फुग्यांचें उड्डाण वाऱ्यावर अवलंबून असतें. तें पहिल्याच सकाळीं घ्यावें, म्हणजे वाऱ्यानें दगा दिला तर दुसरी सकाळ हातीं उरते. बाकीच्या गोष्टी तेथें पोंचल्यावर, अंगांतली शक्ति पाहून ठरवाव्या. खान एल-खलीलीच्या बाजारांत फिरावयास, जुन्या कैरोंतील देवळें पाहावयास किंवा नदीवर तासभर शिडाच्या होडींत बसावयास दोन महिने आधीं पैसे भरण्याचें कारण नाहीं. मात्र शुक्रवारीं दुपारच्या नमाजाच्या वेळीं मशिदींत पाहुण्यांना जातां येत नाहीं, आणि रमजानच्या महिन्यांत पुष्कळ स्थळें लवकर बंद होतात, हें लक्षांत असूं द्यावें.

पैसे भरण्यापूर्वीं आणखी तीन गोष्टी विचाराव्या. सहल रद्द करावयाची तर किती तास आधीं कळविलें असतां पैसे परत मिळतात? पुरेसे लोक जमले नाहींत तर कंपनी स्वतः ती रद्द करते काय? आणि प्रवेशाचें तिकीट, जेवण व बक्षिसी त्या रकमेंत धरलेली आहे काय? बक्षीस हा शब्द आपण शाळेंतल्या पहिल्या नंबराशीं जोडतों. इजिप्तांत तोच फारसी शब्द मोटारवाल्यापासून देवळाच्या रखवालदारापर्यंत सर्वांच्या तोंडीं असतो, आणि तो ऐकूं आला कीं हात खिशाकडे न्यावा लागतो. सुटे पैसे जवळ असावे, म्हणजे चिडचिड होत नाहीं. सकाळपासून राबणाऱ्या माणसाला चार पैसे देतांना कपाळाला आठी पडूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

राहिला चौथा प्रश्न: पाहावयाचें आहे, कीं पाहिलें असें सांगावयाचें आहे? याचें उत्तर मी तुमच्या वतीनें देऊं शकत नाहीं. आपण ज्या बोटीनें जातों तिच्यावरील इतर मंडळी एखाद्या सहलीस निघालीं म्हणजे मागें राहणाऱ्यास चुकल्यासारखें होतें, आणि त्या भीतीपोटीं यादींतल्या निम्म्या खुणा होतात. परतल्यावर शेजारी विचारतील, हें तिचें दुसरें कारण. पण गुडघे आपले असतात, पैसे आपले असतात, आणि चार दिवसहि आपलेच असतात.

अक्कानें आस्वानला काय ठरविलें, हें सांगावयाचें राहिलें. कारकुनानें उत्तरें दिलीं: अबू सिंबेल आस्वानहून सुमारें २८० किलोमीटर, पहांटे चारला निघावयाचें, जाऊन-येऊन सात तास मोटारींत, आणि दुसऱ्या दिवशीं परतीचें विमान. अक्कानें चष्मा काढला आणि म्हणाली, “मी नाहीं येत. तूं जा, आणि नीट पाहून ये. मला सांगावयाचें आहे, हें लक्षांत ठेवून पाहा.” मी गेलों. दुसऱ्या रामसेसच्या त्या चार बसलेल्या प्रचंड मूर्ति मीं पाहिल्या. आस्वानच्या मोठ्या धरणाच्या पाण्याखालीं तें देऊळ जाणार होतें, म्हणून युनेस्कोच्या पुढाकारानें १९६४ ते १९६८ या वर्षांत डोंगरांतून त्याचे हजारांहून अधिक तुकडे कापून काढले आणि सुमारें ६५ मीटर उंचावर नेऊन पुन्हां जोडले. मी हें सारें कोणाला तरी सांगावयाचें म्हणून पाहात होतों, आणि खरें सांगतों, इतकें लक्ष देऊन मीं त्या प्रवासांत दुसरें कांहींच पाहिलें नाहीं.

दुपारीं परतलों तेव्हां अक्का बोटीच्या गच्चीवर बसली होती. सकाळीं उन्हें चढण्यापूर्वीं ती शिडाच्या होडींतून एलिफंटाईन बेटाला एक फेरा घालून आली होती, आणि चेहऱ्यावर तरतरी होती. माझें सांगणें संपल्यावर तिनें एकच प्रश्न विचारला: “चारांतल्या एका मूर्तीचें डोकें फार प्राचीन काळीं भूकंपानें खालीं पडलेलें आहे. देऊळ हलविलें तेव्हां त्यांनीं तें जोडलें, कीं तसेंच ठेवलें?” सुदैवानें मीं तें पाहिलें होतें. पडलेलें डोकें त्यांनीं उचलून नव्या जागीं नेलें, आणि तेथेंहि मूर्तीच्या पायांशीं तसेंच पडलेलें ठेवलें. हें ऐकून ती प्रसन्न हंसली. “बरोबर केलें,” म्हणाली. “तोहि इतिहासच आहे.”

सक्कारा मात्र राहिली ती राहिलीच. परतीच्या वाटेवर कैरोच्या विमानतळावर आम्हांला पांच तास होते. मोटार करून जावें, असा विचार माझ्या मनांत आला आणि मीं तो बोलूनहि दाखविला. अक्कानें मान हलविली; बोट थांबत नाहीं तसें विमानहि थांबत नाहीं, हें तिला माझ्याहून चांगलें ठाऊक होतें. आज तिच्या खोलींत पायऱ्यांच्या पिरॅमिडाचें एक चित्र आहे. तें पाहिलें कीं त्या पत्रकावर दहा मिनिटांत केलेल्या माझ्या खुणा मला आठवतात.

म्हणून, श्रोतेहो, तुमच्याकडे असें पत्रक येईल तेव्हां तें एकट्यानें भरूं नका. रात्रीं जेवणें झाल्यावर तें सर्वांसमोर ठेवा, आणि प्रथम घरांतल्या सर्वांत वडील माणसाच्या हातीं द्या. त्यांना एकच गोष्ट विचारा कीं, यांतलें कोणतें एक पाहिलें नाहीं तर तुम्हांला चुटपुट लागेल? तिच्यावर पहिली खूण करा, तिला मधला दिवस द्या, आणि मग उरलेल्या यादीकडे वळा. कदाचित् पुष्कळ रकाने कोरेच राहतील. ते कोरे राहूं द्यावे.